बसची वाट

आमच्या परिचयातील एक वृद्ध बाई नवलखा भागात राहतात. वय पंचाहत्तरीच्या पुढचे. मुलगा पुण्यास, मुलगी परदेशी; घरात त्या आणि त्यांचे देवघर. दर गुरुवारी विजयनगरला धाकट्या बहिणीकडे जायचे, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. पिशवीत डबा आणि चष्म्याचे घर घेऊन त्या आय-बसमध्ये बसत आणि दिवेलागणीच्या आत परत येत. या प्रवासाचे त्यांना मोठे अप्रूप होते. त्या म्हणत, "कोणाला विचारावं लागत नाही हो, की मला जरा सोडता का म्हणून!" बसमार्गाचे कठडे काढायला सुरुवात झाल्याचे वर्तमानपत्रात वाचले, तेव्हा त्यांनी आम्हांस सरळ विचारले, "मग आता आम्ही कसं जायचं?"

या प्रश्नाला आमच्यापाशी चटकन उत्तर नव्हते. गेली काही वर्षे या मार्गावरून इंदुरात जो वाद चालला, त्यात मोटारवाले बोलले, व्यापारी बोलले, पुढारी बोलले, वकील बोलले. या बाईंचा प्रश्न मात्र त्यात फारसा ऐकू आला नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आग्रा-मुंबई रस्ता हा आपल्या शहराचा कणा. पूर्वी तो गावाच्या कडेने जाई. गाव वाढत गेले आणि रस्ता मधोमध आला. त्यावरून लोकांनी टेम्पोंत गुडघ्याला गुडघा लावून प्रवास केला, 'नगरसेवा' म्हणून धावणाऱ्या मिनीबसच्या पायरीवर लोंबकळून केला. डिसेंबर २००५ मध्ये महानगरपालिका आणि विकास प्राधिकरण यांनी मिळून शहर वाहतुकीसाठी कंपनी काढली आणि २००६ च्या आरंभी तिच्या बस रस्त्यावर आल्या. मार्ग आणि भाडे कंपनीने ठरवायचे, बस खाजगी चालकांनी आणायच्या व चालवायच्या, अशी ती योजना होती. राज्याचे परिवहन महामंडळ गुंडाळले जात असताना इंदुराने ही सोय उभी केली, हे श्रेय आपल्या शहराला दिलेच पाहिजे.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे मे २०१३ मध्ये सुरू झालेला बसचा स्वतंत्र मार्ग. निरंजनपूरपासून राजीव गांधी चौराह्यापर्यंत सुमारे साडेअकरा किलोमीटर. रस्त्याच्या मधोमध कठडे घालून दोन पट्टे केवळ बससाठी राखलेले. तिकीट थांब्यावरच मिळे आणि थांब्याचा फलाट बसच्या तळाशी समपातळीत असे. त्यामुळे काठी टेकीत येणारा माणूसही पायरी न चढता आत जाई. विजयनगर, पलासिया, गीताभवन, नवलखा, भंवरकुवा अशी ही माळ. एम. वाय. रुग्णालयाकडे निघालेला रोगी, १८९१ साली स्थापन झालेल्या होळकर महाविद्यालयाचा विद्यार्थी, शिकवणीला निघालेली खेड्यातली मुलगी आणि दुकानातला नोकर, सारे तिच्यात शेजारी शेजारी बसत. रोजचे प्रवासी ५० हजारांच्या आसपास असत. घड्याळ पाहून घर सोडावे, अशी ही इंदुरातील एक विरळा सोय होती.

मार्गात दोष नव्हते असे आमचे म्हणणे नाही. शेजारचे पट्टे वाहनांनी तुंबलेले आणि मधला पट्टा दोन बसच्या दरम्यान मोकळा, हे दृश्य मोटारीत घाम पुसणाऱ्याला चीड आणणारेच होते. थांबा मध्यभागी असल्याने अर्धा रस्ता जीव मुठीत धरून ओलांडावा लागे. शिवाय असा मार्ग शहरात एकच राहिला. त्याच्या जोडीला आडव्या दिशेने दुसरे मार्ग निघते, तर त्याची उपयुक्तता कितीतरी वाढली असती. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनी मार्ग हटवण्याचे जाहीर केले, फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यास मोकळीक दिली आणि कठडे निघू लागले. दिल्लीने आपला मार्ग २०१६ साली मोडला, भोपाळने २०२४ मध्ये. अहमदाबादने मात्र २००९ साली सुरू केलेला मार्ग वाढवत नेला. तेव्हा कल्पनाच खुळी होती, असे कोणी म्हणू नये.

निर्णय झाला आहे आणि तो पुन्हा उकरून काढण्यात अर्थ नाही. परंतु कठडे ही एक गोष्ट आणि बसला मिळणारी वाट ही दुसरी, हे ध्यानी घ्यावे. कठडे लोखंडाचे होते. ते गेले तर गेले. बसची वाट गेली म्हणजे मात्र तिची वेळ जाते, आणि वेळ गेलेल्या बसवर कोणी विसंबत नाही. बस राहणारच आहे, ती इतर वाहनांबरोबर चालेल, असे सांगण्यात आले. ठीक आहे. पण गर्दीत अडकलेली बस उशिरा येते. उशिरा येते म्हणून ज्याला परवडते तो स्कूटर घेतो. स्कूटर वाढल्या की गर्दी वाढते, आणि बस आणखी उशिरा येते. यात शेवटी मोटारवाल्याच्याही पदरी काही पडत नाही. एका बसमध्ये साठ माणसे मावतात आणि ती दोन-तीन मोटारींची जागा घेते. तीच साठ माणसे मोटारींतून न्यायची, तर मोटारीमागे दीड माणूस धरला तरी चाळीस मोटारी लागतील. त्या चाळीस मोटारी पलासियाच्या चौकात कोठे उभ्या करायच्या, हे मार्ग मोडा म्हणणाऱ्यांनी सांगावे.

येथे एका जुन्या पाहुण्याची आठवण होते. तिसरे तुकोजीराव गादीवर असताना पॅट्रिक गेडीस हे स्कॉटिश नगररचनाकार इंदुरास आले. दरबारला सादर केलेला त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ चा. त्या वेळी शहरात प्लेगचे भय होते. गेडीस यांनी दिवाळीची मोठी मिरवणूक काढवली आणि असे जाहीर करवले की, मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या वस्तीतील लोक घरे व गल्ल्या झाडून-पुसून, दुरुस्त करून ठेवतील, तिकडूनच ती जाईल. मग काय, घरोघर केरसुण्या निघाल्या! लोकांच्या हिताचे जो करील त्याला मार्गाचा मान, असा त्यातला साधा न्याय. आज रस्त्याचा मान कोणाला, असे विचारले तर साठ जणांना वाहून नेणाऱ्या बसहून अधिक हक्काचा उमेदवार आम्हांस दिसत नाही. याच गेडीस यांनी सांगितले होते की, जुन्या वस्तीवर सरसकट नांगर फिरवू नये. बिघडले असेल तेवढेच काढावे, उरलेले जपावे. आपण मार्गातील दोष काढण्याऐवजी मार्गच काढला.

आता थोडे आपल्या घरातले. रामबाग, राजवाडा परिसरातून निघून आपली मराठी कुटुंबे नव्या वसाहतींत विखुरली. दाराशी दोन-तीन वाहने आली, ती चालवणारी मुले नोकरीसाठी पुण्या-बंगळुरास गेली. मागे राहिले आईबाप. त्यांचे डोळे आणि गुडघे गाडी चालवू देत नाहीत, आणि कोणाची मिनतवारी करणे स्वभावात नाही. मार्ग मोडावा म्हणून मोटारीत बसून मान डोलावणाऱ्यांत आपण पुष्कळ जण होतो. आणखी दहा-पंधरा वर्षांनी आपणच थांब्यावर उभे असणार, एवढे त्या वेळी आठवले नाही.

तेव्हा मागणे मोठे नाही. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी रस्त्याचा एक पट्टा रंगाने आखून बससाठी राखावा. चौकात बसला आधी वाट देणारे सिग्नल बसवावेत. नवे थांबे सावलीचे आणि वृद्धांना सहज चढता येईल अशा उंचीचे असावेत, आणि तेथे रस्ता ओलांडण्याची सोय असावी. चौकातून किती वाहने गेली याबरोबर किती माणसे गेली, तेही मोजावे. उड्डाणपूल बांधायचे तर बांधावेत, पण पुलाखाली बसची वाट पाहणारा माणूस उभा असतो, हे नकाशा काढणाऱ्याने विसरू नये.

त्या बाईंना आम्ही अद्याप उत्तर दिलेले नाही. परवा भेटल्या, तेव्हा बहिणीशी दूरध्वनीवर बोलत होत्या. "येते गं, बसचं काय ते कळू दे," असे त्या सांगत होत्या.