विश्लेषण : बँकॉक तीन दिवसांत बघायचे तर काय सोडायचे?

मुंबईहून साडेचार तासांच्या आसपास विमानप्रवास, घड्याळ दीड तास पुढे. त्यामुळे पहिल्या परदेशवारीसाठी अनेक मराठी कुटुंबे बँकॉक निवडतात. ‘चार रात्री, पाच दिवस’च्या सहलीत मात्र पट्टाया उरकून या शहराच्या वाट्याला जेमतेम एक दिवस येतो आणि त्यातलेही दोन तास अनेकदा रत्नांच्या दुकानात जातात. त्यापेक्षा तीन दिवस एकट्या बँकॉकला देणे केव्हाही चांगले.

मुक्काम कुठे असावा?

बीटीएस किंवा एमआरटी स्थानकापासून पायी पाच-सात मिनिटांवर. हॉटेलचे तारे नंतर पाहावेत. इथली वाहतूक कोंडी मुंबईकरालाही घाम फोडते. लांबच्या स्वस्त हॉटेलात वाचलेले पैसे टॅक्सीत जातात, वेळ जातो तो वेगळाच. सुवर्णभूमी विमानतळावरून फाया थाईपर्यंत रेल्वे आहे, अर्ध्या तासात पोहोचवते आणि तिथेच बीटीएस मिळते. तिकीट काढताना विमान सुवर्णभूमीला उतरते की डॉन मुआंगला, हे पाहून घ्यावे. दोन्ही विमानतळ शहराच्या वेगवेगळ्या बाजूंना आहेत.

ग्रँड पॅलेसला किती वेळ द्यावा?

अख्खी सकाळ. दार साडेआठला उघडते आणि दुपारी साडेतीनला तिकीटविक्री थांबते. परदेशी पाहुण्यांना तिकीट 500 बाथ. दहानंतर ऊन आणि गर्दी एकदमच वाढतात, म्हणून आई-वडील सोबत असतील तर साडेआठलाच दारात असावे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर परत पाठवतात. 1782 मध्ये पहिल्या राम राजाने हा वाडा बांधायला घेतला. बहुतेक लोक पाचूच्या बुद्धाचे दर्शन घेऊन बाहेर पडतात. ही मूर्ती जेमतेम 66 सेंटीमीटर उंचीची, खरे तर जेड दगडाची, आणि ऋतूनुसार वर्षातून तीनदा तिची वस्त्रे बदलली जातात. पण मराठी माणसाने थांबावे ते भोवतालच्या ओवरीत. तिथल्या भिंतींवर 178 चित्रांत ‘रामकियेन’, म्हणजे थायलंडचे रामायण, रंगवले आहे. त्यातला हनुमान शुभ्र पांढरा आणि ब्रह्मचारी तर मुळीच नाही! आजी-आजोबांना नातवंडांना गोष्ट सांगायला इतकी चांगली जागा शहरात दुसरी नाही.

बाहेर कुणी गोड बोलून ‘आज पॅलेस बंद आहे, स्वस्तात टुकटुकने फिरवतो’ म्हणाले तर ऐकू नये. ही जुनी युक्ती आहे आणि फेरी संपते ती दागिन्यांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात. बंद आहे की नाही, ते तिकीट खिडकीवरच कळते.

तिथून वाट फो पायी गाठता येते. 46 मीटर लांबीचा निजलेला बुद्ध तिथे आहे. मग था तिएन धक्क्यावरून होडीने पलीकडे वाट अरुण. नाव अरुणाचे, पण रूप खुलते संध्याकाळी, अलीकडच्या काठावरून. परतीला सनाम चाय हे एमआरटी स्थानक जवळ आहे. ही तीन ठिकाणे म्हणजे एक पूर्ण दिवस. त्यात चौथे कोंबू नये.

मग सोडायचे काय?

दामनोएन सादुआकचा तरंगता बाजार. तो शहरापासून सुमारे 100 किलोमीटरवर आहे आणि आता बराचसा पर्यटकांसाठीच चालतो. बाहेर जायचेच असेल तर अयुथया निवडावे. 1767 मध्ये बर्मी सैन्याने उद्ध्वस्त केलेली ही जुनी राजधानी सुमारे 80 किलोमीटरवर असून रेल्वेने जाता येते. चतुचक बाजार खरा भरतो शनिवार-रविवारी, म्हणून विमानाची तारीख ठरवतानाच तो विचार व्हावा.

शाकाहाऱ्यांचे काय?

भारतीय खाणावळी फाहुरत भागात आहेत. इतरत्र ‘मांगसाविरत’ हा शब्द कामी येतो. मूळ आपलेच, ‘मांसविरती’. पण त्यात अंडे चालते. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेल्या दुकानात मांस, अंडे, मासळीचे पाणी तर नसतेच, कांदा-लसूणही नसतो.

निघण्याआधीच्या तीन दिवसांत थायलंडचे डिजिटल आगमन कार्ड सरकारी संकेतस्थळावर भरावे लागते. ते मोफत आहे. पैसे मागणारे संकेतस्थळ उघडले असेल तर तिथूनच मागे फिरावे. व्हिसाचे नियम मात्र बदलत राहतात, ते तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहावेत.