विश्लेषण : कायद्यात मुदत आहे, तरी खटले का रेंगाळतात? कोणती मुदत खरोखर बंधनकारक?

दावा जिंकला, हुकूमनामा हाती आला, पण जागेचा ताबा किंवा पैसे मिळाले नाहीत, तर पक्षकाराला त्याच न्यायालयात पुन्हा दरखास्त दाखल करावी लागते. देशभरात अशा ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती प्रलंबित असल्याची माहिती ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आली. त्यातील सर्वाधिक, सुमारे ३ लाख ४१ हजार, मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रातील आहेत. वास्तविक दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२१ रोजीच्या निकालात सांगितले होते. मार्च २०२५ मध्ये त्याची पुन्हा आठवण करून देण्यात आली. मुदत ठरलेली असूनही ती पाळली जात नाही, हे चित्र केवळ दरखास्तींपुरते नाही. दिवाणी, कौटुंबिक आणि फौजदारी अशा तिन्ही प्रक्रियांत मुदती आहेत. त्यातील काही काटेकोर पाळल्या जातात, काही कागदावरच राहतात. हा फरक कशामुळे पडतो?

कायद्यातील मुदती किती प्रकारच्या?

ढोबळमानाने तीन. पहिली पक्षकारावरची, म्हणजे दावा, कैफियत, अपील कधीपर्यंत दाखल करायचे याची. दुसरी तपास यंत्रणेवरची, म्हणजे दोषारोपपत्र कधीपर्यंत सादर करायचे याची. तिसरी खुद्द न्यायालयावरची, म्हणजे अर्जावर निर्णय किंवा खटल्याचा निकाल कधीपर्यंत द्यायचा याची. पहिली मुदत चुकली तर पक्षकाराचा हक्क जाऊ शकतो. दुसरी चुकली तर आरोपीला जामीन मिळू शकतो. तिसरी चुकली तर बहुतेक वेळा फक्त पुढची तारीख पडते.

मुदत कायदा, १९६३ हे याचे ठळक उदाहरण. मुदतीबाहेर दाखल झालेला दावा, प्रतिवादीने आक्षेप घेतला नाही तरी, न्यायालयाला फेटाळावाच लागतो. अपिलाला उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून विलंब माफ करून घेता येतो, दाव्याला मात्र ही सवलत नाही. नागरिकासाठी कायदा इतका कडक आहे. तोच दावा दाखल झाल्यानंतर किती वर्षे चालावा, यावर तितकी कडक मर्यादा नाही.

दिवाणी दाव्यात कोणत्या मुदती आहेत?

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची असली, तरी १९९९ आणि २००२ च्या दुरुस्त्यांनी तिच्यात मुदती घट्ट करण्याचा प्रयत्न झाला. या दुरुस्त्या १ जुलै २००२ पासून लागू झाल्या. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत प्रतिवादीने कैफियत द्यावी, कारण असल्यास ती ९० दिवसांपर्यंत स्वीकारता येईल, असे त्यात म्हटले आहे. सुनावणी सुरू असताना एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये, अशीही तरतूद आहे. युक्तिवाद संपल्यावर निकाल साधारणपणे ३० दिवसांत आणि अपवादात्मक स्थितीत ६० दिवसांत द्यावा, असे अपेक्षित आहे.

या दुरुस्त्यांना सेलम अॅडव्होकेट बार असोसिएशनने आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या, पण २००५ च्या निकालात ९० दिवसांची मर्यादा सक्तीची नसून मार्गदर्शक आहे, असा अर्थ लावला. अपवादात्मक स्थितीत त्यानंतरही कैफियत घेता येते. तहकुबीच्या मर्यादेबाबतही तीच मोकळीक राहिली. व्यवहारात घडते ते असे : मुदतीत कैफियत आली नाही तर कैफियतीविना दावा पुढे चालवण्याचा, वकिलांच्या भाषेत ‘नो डब्ल्यूएस’चा, आदेश होतो. काही महिन्यांनी तो रद्द करण्यासाठी अर्ज येतो, दुसरी बाजू म्हणणे देते, त्यावर युक्तिवाद होतो आणि बहुधा काही खर्च भरण्याच्या अटीवर कैफियत दाखल करून घेतली जाते. मुदत पाळली नाही म्हणून आणखी काही तारखा खर्ची पडतात.

व्यावसायिक वादांत चित्र वेगळे आहे. २०१५ च्या व्यावसायिक न्यायालये कायद्यानुसार कैफियतीची शेवटची मर्यादा १२० दिवसांची आहे. त्यानंतर ती दाखल करण्याचा हक्कच संपतो आणि न्यायालयालाही ती घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. २०१८ च्या दुरुस्तीनंतर किमान ३ लाख रुपये मूल्याचे व्यावसायिक वाद या कायद्याखाली येतात. म्हणजे एकाच न्यायालयीन इमारतीत, भावाभावांच्या वाटणीच्या दाव्यात वर्षभराने आलेली कैफियत स्वीकारली जाऊ शकते आणि दोन कंपन्यांच्या वादात १२१ व्या दिवशी आलेली परत जाते.

कौटुंबिक प्रकरणांत काय घडते?

कुटुंब न्यायालये कायदा १९८४ चा आहे. जिथे कुटुंब न्यायालय नाही, तिथे महाराष्ट्रात हिंदू विवाह कायद्याखालील अर्ज वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतात. कुटुंब न्यायालयात आधी तडजोडीचा प्रयत्न करणे न्यायालयावर बंधनकारक आहे. त्यामुळे प्रकरण प्रथम विवाह समुपदेशकांकडे जाते. वकील नेमणे हा तिथे पक्षकाराचा हक्क नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते.

हिंदू विवाह कायद्यानुसार, नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत अर्जाचा निकाल देण्याचा प्रयत्न करावा आणि अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा. फौजदारी प्रक्रियेतील पोटगीच्या तरतुदीतही, पूर्वीच्या कलम १२५ आणि आताच्या कलम १४४ मध्ये, अंतरिम पोटगीसाठी ६० दिवसांचीच अपेक्षा आहे. ‘प्रयत्न करावा’ आणि ‘शक्यतो’ या दोन शब्दांमुळे मुदतीतील सक्ती गळून पडते. नागपूरच्या एका प्रकरणात सप्टेंबर २०१३ मध्ये केलेल्या अंतरिम पोटगीच्या अर्जावर कुटुंब न्यायालयाचा आदेश ऑगस्ट २०१५ मध्ये आला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठामार्गे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी त्यावर देशभर लागू होणारी मार्गदर्शक तत्त्वे देण्यात आली.

त्या निकालातील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच द्यायचे. आणि पोटगी आदेशाच्या नव्हे, तर अर्जाच्या तारखेपासून द्यायची. दुसऱ्या नियमाने न्यायालयाला नवी मुदत घालून दिली नाही, पण विलंबातून मिळणारा फायदा काढून घेतला. दोन वर्षे तारखा लांबवल्या तरी त्या काळातील पोटगी थकबाकी म्हणून डोक्यावर राहते.

परस्परसंमतीच्या घटस्फोटातील सहा महिन्यांचा काळ मात्र वेगळ्या हेतूचा आहे. तो घाई टाळण्यासाठी, विचाराला वेळ देण्यासाठी आहे. समेटाची शक्यता उरली नसेल आणि पोटगी, मुलांचा ताबा यांसारखे प्रश्न मिटले असतील, तर न्यायालय हा काळ माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे.

फौजदारी खटल्यांत नव्या संहितेने काय बदलले?

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि तिने मुदतींची संख्या वाढवली. फिर्यादी किंवा पीडिताला तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवायची. सत्र खटल्यात आरोपावरील पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत आरोप निश्चित करायचे. युक्तिवाद संपल्यावर ३० दिवसांत, आणि कारणे नोंदवून ४५ दिवसांपर्यंत, निकाल द्यायचा. परिस्थिती पक्षकाराच्या हाताबाहेरची असेल तरच आणि जास्तीत जास्त दोनदा तहकुबी द्यायची. मात्र यातील एखादी मुदत टळली तर पुढे काय, याचे उत्तर या तरतुदींत नाही. आरोपी सुटत नाही, खटला रद्द होत नाही, पीडितालाही काही मिळत नाही.

मग ६० आणि ९० दिवसांचीच मुदत का पाळली जाते?

कारण तिथे परिणाम कायद्यातच लिहिलेला आहे. कलम १८७(३) नुसार, फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून अधिक कैदेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत तपास पूर्ण झाला नाही, तर जामीन देण्यास तयार असलेल्या कोठडीतील आरोपीला जामिनावर सोडावेच लागते. यालाच ‘डिफॉल्ट बेल’ म्हणतात. गुन्ह्याचे गांभीर्य, पुरावा किती भक्कम, हे प्रश्न इथे येत नाहीत. मकोकासारख्या विशेष कायद्यांत ही मुदत न्यायालयाच्या परवानगीने १८० दिवसांपर्यंत वाढवता येते.

हिशेब किती काटेकोर असतो, हे डीएचएफएल प्रकरणात दिसले. कोठडीचा पहिला दिवस ६० दिवसांत धरायचा की नाही, या एका दिवसाच्या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये आरोपींना जामीन दिला. वाद सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठापर्यंत गेला आणि मार्च २०२३ मध्ये, कोठडी दिल्याचा दिवस धरायचाच, असा निर्णय झाला. एका दिवसाला इतकी किंमत असल्यामुळेच पोलीस ठाण्यांत या तारखेवर लक्ष ठेवले जाते. अर्थात हा जामीनही मागावा लागतो. अर्ज करण्यापूर्वी दोषारोपपत्र दाखल झाले, तर हक्क जातो.

मग सगळ्याच मुदती सक्तीच्या का केल्या जात नाहीत?

हा प्रयोग एकदा झाला आहे. दिवाणी किंवा फौजदारी खटल्याला मिळालेली स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप संपेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले होते. परिणामी, उच्च न्यायालयात प्रकरण बोर्डावरच आले नाही म्हणून स्थगिती गेली, असे घडू लागले. चूक न्यायालयीन व्यवस्थेची आणि फटका पक्षकाराला. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा नियम रद्द केला. एखादे प्रकरण ठरावीक मुदतीत निकाली काढा, असे आदेश इतर न्यायालयांना सरसकट देऊ नयेत, असेही बजावले.

म्हणून मुदत सक्तीची करताना, उशीर कोणामुळे झाला आणि फटका कोणाला बसणार, हे पाहावे लागते. ‘डिफॉल्ट बेल’मध्ये उशीर तपास यंत्रणेचा आणि परिणामही तिच्यावरच. १२० दिवसांच्या नियमात उशीर प्रतिवादीचा आणि तोटाही त्याचाच. न्यायालयाच्या स्वतःच्या उशिराची किंमत मात्र, नियम कसाही लिहिला तरी, कोणत्या ना कोणत्या पक्षकाराच्या गळ्यात पडते. तिथे मुदतीपेक्षा मनुष्यबळ महत्त्वाचे. दर दहा लाख लोकसंख्येमागे ५० न्यायाधीश असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००२ मध्ये सांगितले. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, मंजूर पदे धरूनही हे प्रमाण २१ च्या आसपास आहे. जिल्हा व तालुका न्यायालयांत साडेचार कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत. समन्स न बजावता परत येणे, साक्षीदार गैरहजर राहणे, न्यायाधीशांची बदली होणे या अडचणी नव्या मुदतीने सुटत नाहीत.

पक्षकाराने काय लक्षात ठेवावे?

आपल्यावरच्या मुदतीत सवलत मिळेल, असे गृहीत धरू नये. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी ३० दिवस, जिल्हा न्यायालयातील दिवाणी अपिलासाठी ३० आणि उच्च न्यायालयातील अपिलासाठी ९० दिवस मिळतात. कुटुंब न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात जायचे असेल, तर कुटुंब न्यायालये कायद्यात ३० दिवसांची मुदत दिलेली आहे. प्रमाणित नकलेसाठी लागणारा वेळ अपिलाच्या मुदतीतून वजा होतो, म्हणून निकाल लागताच नकलेचा अर्ज करावा.

पोटगीचा अर्ज लांबणीवर टाकू नये, कारण रक्कम त्याच तारखेपासून मोजली जाते. प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे, पुढची तारीख कोणती, हे १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांकावरून ई-कोर्ट्स अॅपवर पाहता येते.

कच्च्या कैद्यांच्या नातेवाइकांसाठी कलम ४७९ महत्त्वाचे आहे. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि यापूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यांच्या बाबतीत एक तृतीयांश काळ, तुरुंगात गेला असेल तर सुटकेची तरतूद आहे. अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर आहे. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेले गुन्हे आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेले कैदी त्यातून वगळले आहेत. १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांनाही हे कलम लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले.

वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिला, मुले आणि कोठडीतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची मदतवाहिनी १५१०० या क्रमांकावर आहे.