पिकअपला टेप बसवण्याआधी



सोयाबीन बाजार समितीच्या काट्यावर मापले गेले आणि पट्टी हाती आली की घरात खर्चाची यादी निघते. आधी कृषी केंद्राची उधारी, मग मुलांचे कपडे, मग घराच्या गळक्या पत्र्याचे काम. यादीच्या अगदी शेवटी, बहुधा तरण्या पोराच्या अक्षरात, एक ओळ असते: ‘गाडीला टेप’. कॅसेट जाऊन जमाना लोटला. आता गाणी पेनड्राइव्हवर आणि मोबाइलवर वाजतात, तरी आपल्या वाशीम-रिसोडकडे त्या वस्तूला टेपच म्हणणारे पुष्कळ आहेत. मीही त्यांच्यातलाच, तेव्हा या लेखात तोच शब्द ठेवतो.

ही हौस वाईट, असे मी म्हणणार नाही. पहाटे तीनला माल भरून एकट्याने निघणाऱ्या माणसाला सोबतीला एखादा आवाज लागतो. रामनवमीला पोहरादेवीला जाताना गाणे हवेसे वाटते. पण पिकअप ही घरची कमावती आहे, आणि बहुतेक घरी तिच्यावर बँकेचा हप्ताही आहे. म्हणून टेप कोणत्या कंपनीचा घ्यावा हे नंतर बघू. तो लावताना गाडीच्या पोटातली वीज कशी सांभाळावी, हे आधी.

मालेगाव तालुक्यातील माझ्या ओळखीच्या एका घरची गोष्ट सांगतो. मुलाने पिकअप घेतली आणि सहा महिन्यांत शहरातल्या एका दुकानातून टेप, वेगळा अँप आणि मोठा वूफर बसवून आणला. आवाज असा, की गाडी वेशीवर आली की घरी चहा ठेवावा. पाच महिने सारे सुरळीत चालले. मग एका पावसाळी संध्याकाळी तुरीची खेप टाकून परत येताना केबिनमध्ये जळका वास आला आणि पाठोपाठ पायाशी धूर. पोरगा हुशार. सीटखाली दहा नंबरचा पाना होता, तो घेऊन त्याने धावत जाऊन बॅटरीचे टर्मिनल सोडवले. जीव वाचला, गाडीही वाचली. पण मॅट, डॅशखालच्या वायरी आणि अँप जळाले. गाडी बारा दिवस भर हंगामात उभी राहिली. भाडे बुडाले, हप्ता काही थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती वायर काढून पाहिली. बॅटरीपासून अँपपर्यंत गेलेली जाड लाल वायर बॉनेट आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकातून नेली होती, आणि त्या भोकाला रबराची बुशी नव्हती. डिझेल इंजिनाच्या थरथरीने पत्र्याच्या कडेवर वायर घासत राहिली, वरचे आवरण कापले गेले, तांबे पत्र्याला टेकले. पत्रा म्हणजे गाडीचे अर्थिंगच. सगळी बॅटरी त्या एका वायरीतून मोकळी झाली, आणि वाटेत तिला अडवायला फ्यूज नव्हता. फ्यूज अँपला होता की, असे पोरगा म्हणाला. होता, पण अँपचा फ्यूज अँपला वाचवतो. बॅटरीपासून अँपपर्यंतच्या वायरीला तो काही कामाचा नाही.

तेव्हा मंडळी, बाकी काही विसरलात तरी चालेल, एवढे ध्यानात ठेवा: बॅटरीतून वायर निघाली की हातभर अंतराच्या आत, म्हणजे ४५ सेंटीमीटरच्या आतच, फ्यूज बसला पाहिजे. तो वायरीला झेपेल एवढ्याच अँपिअरचा हवा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे बहाद्दर अजून आहेत. फ्यूज उडतो, कारण कुठेतरी बिघाड आहे. तो शोधायचा सोडून पहारेकऱ्याचेच तोंड बांधायचे, असा हा प्रकार.

वायर घेताना चाकूने एक तार खरवडून पाहा. आत पांढरे चकाकले तर ते वरून तांबे चढवलेले ॲल्युमिनियम आहे. ते स्वस्त असते, पण तेवढ्याच जाडीत कमी वीज वाहते आणि लवकर तापते. काम सुरू करताना बॅटरीचे निगेटिव्ह टोक आधी काढायचे आणि शेवटी लावायचे, म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. कारखान्यातून आलेला वायरींचा जुडगा कापून जोड देण्यापेक्षा तयार सॉकेट मिळते ते वापरावे. पुढे वॉरंटीचा प्रश्न निघाला तर तेच उपयोगी पडते. आणि नवा सामान बसवला की विमा कंपनीला कळवा. नोंद करून जादा हप्ता भरल्याशिवाय असा सामान सहसा विम्यात धरला जात नाही.

आता वॅटचा हिशेब. खोक्यावर ‘३००० वॅट’ छापलेले असते आणि आपण भुलतो. यावर शेतकऱ्याला जमेल असा एक सोपा उपाय आहे. अँपवर जो फ्यूज आहे त्याचा आकडा वाचा. समजा ३० अँपिअर आहे. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४ व्होल्ट असतात. तीस गुणिले चौदा, म्हणजे ४२० वॅट. एवढीच वीज त्या खोक्यात सलग शिरू शकते. मग बाहेर तीन हजार कुठून येणार? त्यातलाही काही भाग उष्णतेत जातो. साध्या टेपवर ‘५० × ४’ लिहिलेले असते, तो एका स्पीकरला सलग १५ ते २० वॅट देतो. पिकअपच्या लहान केबिनला तेवढे खरे तर भरपूर होतात. घेताना ‘आरएमएस’ शब्दापुढचा आकडा विचारा, दुकानदार लगेच सावध होऊन बोलू लागतो.

बॅटरीचेही असेच. समजा तुमची बॅटरी ७० अँपिअर-अवरची आहे आणि मोठ्या आवाजात अँप सरासरी २० अँपिअर ओढतो. कागदावर साडेतीन तास निघतात. पण बॅटरी पुरती रिकामी होण्याची वाट स्टार्टर बघत नाही. इंजिन बंद ठेवून बाजार समितीच्या रांगेत दीड-दोन तास गाणी ऐकली, की चावी फिरवल्यावर नुसता कण्हण्याचा आवाज येतो. ‘काका, गाडी चालूच होऊन नाही राह्यली,’ असा फोन मला आजवर किती वेळा आला असेल! दोनशे-तीनशे रुपयांचा साधा मीटर घरी ठेवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट दाखवले तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसले की अल्टरनेटर ठीक आहे.

रात्री पावसात हेडलाइट, वायपर आणि पंखा चालू असताना ढोलाच्या ठोक्यासरशी दिवे मिणमिणत असतील तर ताबडतोब आवाज कमी करा. अल्टरनेटरला पेलत नाही, असे गाडी सांगते आहे. यावर दुकानात ‘कपॅसिटर लावा’ असा सल्ला मिळतो. कपॅसिटर क्षणापुरती वीज साठवतो, तयार करत नाही. विहिरीला पाणी कमी असताना हौद बांधून काय होणार?

बसवण्याच्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. अर्थिंगची वायर आखूड ठेवा, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्टने घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. टेपपासून अँपकडे जाणारी बारीक पतली वायर एका बाजूने आणि बॅटरीची जाड वायर दुसऱ्या बाजूने न्या. दोन्ही एकत्र बांधल्या की ॲक्सिलरेटर दाबताच स्पीकरमध्ये ‘सुंऽऽ’ असा आवाज चढतो. हे दुखणे आजचे नाही. अमेरिकेत १९३० साली गॅल्व्हिन बंधूंनी मोटारीसाठी रेडिओ काढला, त्याचे नाव मोटोरोला. त्या काळीही प्लगच्या ठिणगीची खरखर रेडिओत शिरू नये यासाठी कारागिरांना फार खटपट करावी लागे.

दारात स्पीकर बसवणार असाल तर पावसाचे पाणी काचेवरून दाराच्या आत उतरते, हे विसरू नका. स्पीकरच्या मागे प्लॅस्टिकची टोपी लावा आणि आतला पातळ कागद फाडू नका. दाराच्या पत्र्याला डांबरी शीट चिकटवली की खडखड थांबते. माझ्या मते या एका शीटने जेवढा फरक पडतो तेवढा दुप्पट किमतीच्या स्पीकरने पडत नाही. वूफर हवाच असेल तर ८ इंची घ्या. त्याला १० ते १५ लिटरची बंद पेटी पुरते, म्हणजे तेलाच्या मोठ्या डब्याएवढी. ती सीटमागे मावते, मात्र जॅक आणि पाने काढायला वाट राहिली पाहिजे. पेटी मागच्या हौद्यात ठेवू नका. तिथे खत, धूळ आणि पाणी, तिन्ही आहेत.

सगळे जोडून झाले की पुष्कळ जण बेस पूर्ण वर करतात आणि समाधानाने घरी जातात. खरे काम इथून पुढे आहे. आधी प्रत्येक स्पीकरच्या तारा उलट्या तर लागल्या नाहीत ना, हे पाहा. तारा सुट्या करून त्यांना घड्याळातला पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. सेलचे अधिक टोक स्पीकरच्या अधिकला लागले तर पडदा बाहेर येतो. आत गेला तर खूण उलटी आहे. एक स्पीकर सुलट आणि एक उलट असला की बेस जागच्या जागी मरतो, मग पैसे कितीही ओता.

नंतर बेस-ट्रेबल मधोमध ठेवा, ‘लाउडनेस’ बंद करा, अँपवरचा ‘गेन’ तळाला न्या. टेपचा आवाज चारात तीन हिश्श्यांपर्यंत चढवा आणि गेन हळूहळू फिरवा. गाणे फाटायला लागले की थोडे मागे या, तिथेच थांबा. गेन म्हणजे आवाजाचे बटन नव्हे. फाटका आवाज सतत वाजवला की स्पीकरची कॉइल तापून जळते, आणि लहान अँप फाडून वाजवल्यानेही स्पीकर जळतात. दारातल्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचे सूर देऊ नका आणि वूफरला त्याच्या वरचे देऊ नका; अँपवर त्यासाठी खुंट्या असतात. मग वूफरच्या दोन तारा आलटून पालटून लावून पाहा. ज्या जोडणीत ड्रायव्हरच्या जागी ठोका भरीव वाटेल ती ठेवा.

ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून उजवा स्पीकर त्याच्या कानाशी आणि डावा लांब. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ५० सेंटीमीटरच्या फरकाला दीड मिलिसेकंद लागतात. चांगल्या टेपमध्ये ‘टाइम’ची सोय असते, तिथे उजव्या स्पीकरला तेवढा उशीर दिला की गाणारा समोर काचेवर बसल्यासारखा वाटतो. ती सोय नसेल तर बॅलन्स जरा डावीकडे सरकवा.

पारख गाण्यावर करू नका, बोलण्यावर करा. आकाशवाणीवरच्या बातम्या लावा. निवेदकाचा आवाज घशातून आल्यासारखा वाटला तर बेस जास्त. ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचले तर ट्रेबल जास्त. मग पखवाजाचा एखादा अभंग लावा. शेवटी इंजिन चालू करून, दुसऱ्याला चालवायला सांगून, रस्त्यावर ऐका. डिझेलची घरघर खालचे सूर खाऊन टाकते, म्हणून घरासमोर जमवलेला बेस रस्त्यावर थोडा वाढवावा लागतो.

आवाज किती ठेवावा? अमेरिकेतील कामगारांच्या आरोग्याच्या संस्थेने ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा धरली आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे. केबिन लहान असल्यामुळे १०० गाठायला वेळ लागत नाही. गेलेले ऐकू येणे परत येत नाही, आणि मागून येणाऱ्याचा हॉर्न तर त्याच क्षणी हरवतो. समृद्धी महामार्ग आपल्या कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून जातो. त्या सरळ रस्त्यावर झोप आली तर आवाज वाढवून ती जात नाही, गाडी थांब्यावर नेऊन झोपावेच लागते. वस्तीत आलात की कायदाही आहे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकावर बंदी घातली, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. दरवाजे उघडून गाडीचा डीजे करणाऱ्या पोरांना हे घरच्यांनीच सांगितलेले बरे, पोलिसांनी सांगण्यापेक्षा.

मंगरूळपीरकडील एका वाचकाने विचारले आहे, की मोठ्या ट्रकला दोन बॅटऱ्या असतात, त्यातल्या एकीवरून १२ व्होल्ट काढून टेप लावला तर? भाऊ, तसे करू नका. दोन्ही बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट होतात आणि चार्जही एकत्रच होतात. एकीवरून जास्त काढले की ती उपाशी राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन तापते. दोन्ही लवकर जातात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो लावा. त्यावर लिहिलेले अँपिअर टेपच्या मागच्या फ्यूजएवढे तरी हवेत, आणि वेगळा अँप असेल तर त्याचाही फ्यूज त्यात मिळवून मग घ्या.