मुलांचा इसब : भीती आवरा, ओलावा राखा

लहान मुलाच्या गालांवर, कोपरांच्या घडीत किंवा गुडघ्यांमागच्या लवणीत खाजरे, खरखरीत चट्टे उठतात. डॉक्टर ‘हा इसब आहे’ असे सांगतात. त्यानंतर घरातील वडीलधाऱ्यांकडून एक सूचना हमखास येते : ‘मलमे लावून दाबू नका, इसब आत दाबला की दमा होतो.’ ही सूचना मायेपोटी केलेली असते यात शंका नाही. परंतु लहान मुलांच्या इसबावरील उपचार जितके या एका समजुतीने बिघडतात, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने बिघडत असतील. मलम दोन दिवस लावायचे, खाज उतरली की भीतीने बंद करायचे, आठवड्याने चट्टे परतले की ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून डॉक्टर बदलायचा, असे चक्र सुरू होते. त्यात मूल रात्र रात्र खाजवत राहते आणि आईबापांची झोप उडते. म्हणूनच या अंकात या विकाराचा सविस्तर विचार करू.

इसब म्हणजे काय?

बालवयातील इसबाला वैद्यकात ‘अॅटोपिक डर्माटायटिस’ म्हणतात. हे नाव १९३३ मध्ये वाइज आणि सल्झबर्गर या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी रूढ केले. निरोगी त्वचेचा बाह्य थर गिलावा केलेल्या भिंतीसारखा असतो. पेशी या तिच्या विटा आणि पेशींमधील स्निग्ध द्रव्ये हा गिलावा. इसब असलेल्या मुलात हा गिलावा जन्मतःच कच्चा असतो. त्यामुळे आतील पाणी उडून जाते, त्वचा कोरडी पडते, आणि बाहेरील धूळ, साबण, घाम व जंतू आत शिरून दाह निर्माण करतात. दाहाने खाज सुटते, खाजवल्याने गिलावा आणखी उडतो. या कच्चेपणामागे अनेकदा आनुवंशिकता असते. त्वचेतील ‘फिलॅग्रिन’ या प्रथिनाच्या जनुकातील दोषाचा इसबाशी असलेला संबंध २००६ मध्ये सिद्ध झाला.

तात्पर्य असे की इसब ही अंगातील ‘उष्णता’ नव्हे, ‘अशुद्ध रक्त’ही नव्हे. आईने गरोदरपणी काही खाल्ल्याचा तो परिणाम नाही आणि तो संसर्गजन्यही नाही. पाळणाघरातील इतर मुलांना त्यापासून कोणताही धोका नाही.

बहुतेक मुलांत इसब पहिल्या पाच वर्षांत, आणि अनेकदा पहिल्या वर्षातच, दिसू लागतो. तान्ह्या बाळाचे गाल, डोके आणि हातापायांचा बाहेरील भाग यांवर तो येतो. लंगोटाखालील त्वचा बहुधा सुटते. दोन वर्षांनंतर तो कोपर, गुडघे, मनगटे व घोटे यांच्या घड्यांत शिरतो. आपल्या सावळ्या त्वचेवर पुस्तकातील लाली नेहमी दिसत नाही. चट्टे करडे, तपकिरी किंवा जांभळट भासतात. बरे होताना मागे फिकट डाग राहतात. त्यांना कोणी जंतांचे, कोणी कॅल्शियमच्या अभावाचे, तर कोणी कोडाचे लक्षण समजते. ते यांपैकी काहीही नसते आणि काही महिन्यांत त्वचेचा रंग परततो.

मात्र घरातील इतरांनाही खाज असेल, ती रात्री वाढत असेल आणि बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल, तर तो इसब नसून खरूज असण्याचा संभव मोठा. कडेने उठावदार व मध्ये मोकळे असे गोल चट्टे नायट्याचे असू शकतात. या तिन्हींचे उपचार पूर्णतः वेगळे आहेत. म्हणून पहिले निदान डॉक्टरांनीच करावे.

दम्याचे काय?

इसब, दमा आणि अॅलर्जीची सर्दी ही एकाच घरातील भावंडे आहेत. त्यांपैकी इसब हा थोरला. तो आधी जन्मतो, एवढेच. ज्या मुलांमध्ये ही प्रवृत्ती असते, त्यांच्यातील काहींना पुढे दमा होतो, मग मलम लावलेले असो वा नसो. थोरला आधी आला म्हणून धाकट्याला त्याने धाडले, असे कोणी म्हणत नाही. दम्याचा संभव तीव्र इसब असलेल्या मुलांत अधिक असतो. तेव्हा इसब तसाच ठेवून दमा टाळता येतो, या समजुतीला कोणताही आधार नाही.

निम्मा उपचार ओलाव्याचा

गिलावा कच्चा असेल तर तो रोज लिंपावा लागतो. त्वचेला ओलावा देणारे मलम हा इसबाचा पायाभूत उपचार आहे, आणि तो चट्टे नसतानाही चालू ठेवायचा असतो. येथे दोन चुका सर्रास होतात.

पहिली चूक प्रमाणाची. ब्रिटनमधील ‘नाइस’ ही संस्था इसबाच्या मुलांसाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम ओलावा देणारे मलम सुचवते. आपल्याकडे ५० ग्रॅमची नळी महिनाभर पुरवली जाते! तान्ह्या बाळाला अर्थातच कमी लागेल. परंतु दिवसातून निदान दोनदा, संपूर्ण अंगाला, त्वचा तुकतुकीत दिसेल इतके मलम लागले पाहिजे.

दुसरी चूक महागड्या नाममुद्रेच्या मागे लागण्याची. इंग्लंडमध्ये ५५० मुलांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लोशन, क्रीम, जेल व घट्ट मलम या चारही प्रकारांत परिणामाच्या दृष्टीने फरक आढळला नाही. ज्या मलमाने मूल रडत नाही आणि जे घराला महिनोन् महिने परवडते, तेच उत्तम. साध्या पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचा मोठा डबा अनेक कुटुंबांना पुरेसा ठरतो. घामाच्या दिवसांत ती चिकट वाटल्यास बिनवासाचे साधे क्रीम वापरावे. पॅराफिनयुक्त मलम कपड्यांत मुरले की ते कपडे चटकन पेट घेतात. म्हणून असे मूल निरांजन, शेगडी आणि फटाके यांपासून दूर ठेवावे.

आंघोळ रोज घालावी. मात्र ती कोमट पाण्याने आणि पाच-दहा मिनिटांचीच असावी. साबणाऐवजी सौम्य, वासविरहित क्लिन्झर मोजक्या जागी वापरावा. पंचाने घासू नये, टिपून घ्यावे आणि अंग ओलसर असतानाच मलम लावावे.

बाळंतघरातील प्रथा

आपल्या काही जुन्या प्रथा इसबाच्या मुलाला मानवतात. जुन्या सुती लुगड्याचे दुपटे आणि धुऊन मऊ झालेले झबले यांहून सुखद वस्त्र नाही. लोकर आणि कृत्रिम धाग्याचे चमकदार कपडे थेट अंगाला लागू देऊ नयेत.

काही प्रथा मात्र इसब असेतोवर बाजूला ठेवाव्या लागतील. डाळीच्या पिठाचा गोळा अंगावर फिरवून लव काढणे, उटणे चोळणे आणि आंघोळीनंतर धुरी देणे यांनी कच्ची त्वचा सोलवटते. मोहरीचे व ऑलिव्हचे तेल टाळावे. साधे खोबरेल हलक्या हाताने लावण्यास हरकत नाही. पण चोळून मालीश नको. त्वचा फाटलेली असताना तिच्यावर दुधाची साय, दही, बेसन, बदाम किंवा शेंगदाण्याचे तेल लावू नये. फाटलेल्या त्वचेतून शिरलेले अन्नघटक शरीराला शत्रू भासू लागतात आणि त्यातून खऱ्या अन्नाच्या अॅलर्जीचा पाया पडू शकतो. अन्न पोटात जावे. फाटलेल्या त्वचेवर नको.

स्टेरॉइडची भीती आणि बेफिकिरी

चट्टे पेटलेले असताना केवळ ओलावा पुरत नाही. तेथे दाह शमवणारे मलम लागते, आणि ते बहुधा सौम्य स्टेरॉइडचे असते. १९५२ मध्ये सल्झबर्गर व विटन यांनी हायड्रोकॉर्टिझोनच्या लेपाचे यश प्रथम प्रसिद्ध केले. म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक अनुभव या औषधामागे उभा आहे. योग्य तीव्रतेचे मलम, योग्य जागी, ठरलेल्या मुदतीत वापरले तर ते सुरक्षित आहे.

प्रमाणासाठी सोपे माप असे : मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर नळीतून काढलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते. ती मोठ्या माणसाच्या बोटांसह दोन तळव्यांएवढ्या त्वचेला पुरते. चिठ्ठीत लिहिलेले दिवस पुरे करावेत. खाज थांबली म्हणजे दाह संपला असे नसते. त्वचा बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत उपचार चालतो. वारंवार उलटणाऱ्या जागी डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस मलम लावण्यास सांगतात. तोही शास्त्रशुद्ध उपाय आहे.

भीतीच्या अगदी दुसऱ्या टोकाला बेफिकिरी आहे. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेल्या अनेक ‘खाजेच्या क्रीम’मध्ये तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांची मिसळ असते. बाळाच्या नाजूक गालांवर किंवा लंगोटाखाली असे मलम महिनोन् महिने लावले तर त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि नायटा असेल तर तो रूप पालटून पसरतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा अनेक स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री रोखणारी अधिसूचना काढली, ती याच कारणाने. नाव न लिहिलेल्या डबीतील ‘जादूच्या’ मलमापासून तर चार हात दूरच राहावे.

ताट आखडू नका

इसबाच्या नावाखाली मुलाचे दूध, अंडी, गहू, केळी, दही एकेक करून बंद केले जाते. अंगावर पाजणारी आईही वरण-भातावर येते. माझ्या दवाखान्यात दीड वर्षाचे एक मूल आले, तेव्हा इसबापेक्षा त्याचे न वाढलेले वजन अधिक चिंताजनक होते. ताट पूर्ववत केले, ओलाव्याचे मलम नियमित सुरू झाले आणि तीन महिन्यांत दोन्ही गोष्टी सावरल्या.

अन्नाची अॅलर्जी काही मुलांत असते, विशेषतः तान्हेपणी सुरू झालेल्या तीव्र इसबात. एखादा पदार्थ खाल्ल्यावर थोड्या वेळात गांधी उठणे, ओठ सुजणे किंवा उलटी होणे ही तिची चिन्हे. ती दिसल्यास डॉक्टरांकडे जावे. श्वास लागल्यास क्षणभरही थांबू नये. परंतु केवळ चाचणीच्या कागदावरील आकड्यांवरून पदार्थ बंद करणे योग्य नव्हे. उलट, लंडनमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, तीव्र इसब किंवा अंड्याची अॅलर्जी असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिल्याने शेंगदाण्याची अॅलर्जी लक्षणीय प्रमाणात टळली. आपल्या दाण्याच्या कुटाची ही बाजू ध्यानात घ्यावी. मात्र तीव्र इसबात आरंभ डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा, आणि लहानग्याच्या हाती अख्खा दाणा कधीही देऊ नये. तो घशात अडकतो.

इसब आहे म्हणून लसीकरण पुढे ढकलण्याचेही कारण नाही.

तातडीने केव्हा यावे?

चट्ट्यांतून पू किंवा पिवळी खपली येत असेल, ताप असेल, तर जंतुसंसर्ग झाला असे समजावे. एकसारख्या आकाराचे पाणीदार फोड घोळक्याने उठून त्यांच्या जागी खोलगट जखमा होत असतील आणि मूल मलूल असेल, तर तो नागिणीच्या जातीच्या हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. ओठांवर तापाचे फोड उठलेल्या कोणीही इसबाच्या बाळाचा पापा घेऊ नये, तो याचसाठी.

वाचकहो, बहुसंख्य मुलांत वय वाढते तसा इसब ओसरत जातो. काहींत तो रेंगाळतो. तो मुळापासून उपटून टाकणारे औषध आज कोणाकडेही नाही, आणि तसा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मात्र त्याला काबूत ठेवणे साध्या घरालाही साधते. त्यासाठी लागतो मलमाचा मोठा डबा, कापलेली नखे, सुती कपडे आणि रोजची दहा मिनिटे. ती दहा मिनिटे आईच्याच वाट्याला येऊ नयेत. सकाळी वडिलांनी आणि संध्याकाळी आजी-आजोबांनी हे काम उचलले, तर त्या मुलाला शांत झोप मिळेल, आणि त्याच्या आईलाही.