टॉवेल मऊ हवा की पाणी टिपणारा?

सोलापुरात टॉवेल घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी तो गालाला लावून बघतं. मऊ लागला की भावाची घासाघीस सुरू. पाणी किती टिपतो, हे कुणी विचारत नाही आणि दुकानदारही सांगत नाही. चादरीबरोबर टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालेल्या गावात हे खटकतं.

टिपणं हा रेणूंच्या ओढाताणीचा खेळ आहे. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात, म्हणून थेंब आकसून गोल होतो. खोलीच्या तापमानाला पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन भरतो, अल्कोहोलचा त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. हा थेंब फोडायचा तर त्याला तितकंच जवळचं कुणी भेटावं लागतं. कापसातल्या सेल्युलोजवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट असतात, ते पाण्याशी तसेच बंध जोडतात. मग थेंब पसरतो आणि धाग्यांमधल्या बारीक फटींतून केशाकर्षणाने आत खेचला जातो. टेरीचे उभे फासे त्याला भरपूर जागा देतात.

गंमत अशी, की कच्चा कापूस पाण्यावर चक्क तरंगतो. तंतूवर मेणाचा थर असतो, वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास. तेवढाही पाण्याला थोपवायला पुरतो. म्हणून कारखान्यात कॉस्टिक सोड्यात उकळून मेण काढतात, ताण्याला दिलेली खळही उतरवतात. एवढा खटाटोप करून शेवटी माल सॉफ्टनरमधून काढायचा! बरीचशी सिलिकॉनची सॉफ्टनरं पाण्याला दूर सारणारी असतात. मेण काढलं आणि दुसरं लावलं, एवढाच हिशेब.

पॉलिएस्टर मिसळलं की आणखी भर. दमट हवेत कापूस वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही.

टॉवेलवर आकार आणि वजन छापतात, मग टिपण्याचा वेग का नाही? त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. कापडाचा तुकडा पाण्यावर सोडायचा आणि तो किती सेकंदांत बुडतो ते मोजायचं. मऊपणा गिऱ्हाईकच मागतं, असं व्यापारी म्हणतील, खरंही आहे. पण आकडा समोर असेल तर तेच गिऱ्हाईक दुसरं काही मागेल. तोवर दुकानात बाटलीतला एक थेंब टॉवेलवर टाकून बघायला हरकत नाही. तो मण्यासारखा बसून राहिला, तर घरी आणून दोन-तीनदा गरम पाण्यात धुवावा, सॉफ्टनर न घालता.