जुन्या गाडीचें तेल कोठें अडतें?

पुष्कळ एकत्र कुटुंबांत वडिलांच्या वेळची एखादी डिझेल जीप अजून जपून ठेविलेली असते. रोजच्या कामास नवी मोटार असली, तरी कुलदैवताच्या दर्शनास आठ-दहा माणसें न्यावयाचीं असलीं, म्हणजे तिचीच आठवण होते. अशी गाडी भर घाटांत दम टाकूं लागली कीं घरांतील मंडळी घाबरून जातात. आणि ती गॅरेजांत नेल्यावर बहुधा पहिलेंच वाक्य कानीं पडतें, तें “पंप उतरवावा लागेल” हें! पंप उतरविणें, उघडणें व पुन्हा जुळविणें हें ह्या कामांतील सर्वांत खर्चाचें प्रकरण होय. आमचें म्हणणें एवढेंच कीं, टांकीपासून निघालेल्या तेलाच्या वाटेवर पंप हा शेवटून दुसरा मुक्काम आहे. शोध मात्र पहिल्या मुक्कामापासून करीत जावें.

आम्ही येथें जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांविषयींच लिहीत आहों. नव्या ‘कॉमन रेल’ पद्धतीच्या गाड्यांत तेलाचा दाब एक हजार वातावरणांहूनही अधिक असूं शकतो. त्यांच्या नळ्या घरीं सैल करण्याचें धाडस कोणीही करूं नये.

ह्या इंजिनाचें तत्त्व ध्यानांत असलें म्हणजे पुढील गोष्टी सोप्या होतात. रुडॉल्फ डीझेल ह्यांनीं जर्मनींतील ऑग्सबुर्ग येथें १८९७ सालीं आपलें इंजिन यशस्वी करून दाखविलें. त्यांत पेट्रोलच्या इंजिनासारखी ठिणगी नसते. हवाच इतकी दाबली जाते कीं, तिच्या उष्णतेनें तेलाचा फवारा आपोआप पेट घेतो. हा फवारा नेमक्या क्षणीं व नेमक्या मापानें सोडणें हें पंपाचें काम. बॉश कारखान्यानें असे पंप १९२७ सालीं मोठ्या प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला. पंपांतील दट्ट्या व त्याचें नळकांडें ह्यांमधील फट मिलिमीटरच्या कांहीं हजारांश भागांइतकीच असते, आणि तिला वंगणही त्या तेलाचेंच मिळतें. म्हणून पाणी व कचरा हे पंपाचे वैरी होत. तिसरा वैरी हवा. तेल जवळजवळ दाबलें जात नाहीं, हवा मात्र दाबली जाते. त्यामुळें पंपांत बुडबुडा शिरला कीं दट्ट्याचा सारा जोर तो बुडबुडा चेपण्यांतच खर्ची पडतो, आणि नोझल उघडत नाहीं.

तेलाची वाट अशी: टांकी, फीड पंप, फिल्टर, मुख्य पंप, नोझल. आतां लक्षणें पाहूं.

इंजिन फिरतें पण सुरू होत नाहीं, अशा वेळीं प्रथम सायलेन्सरकडे पाहावें. धूर मुळींच येत नसेल, तर तेल आंत पोहोंचतच नाहीं असें समजावें. पांढरा धूर येत असेल, तर तेल पोहोंचतें, परंतु पेटत नाहीं. काळा धूर येत असेल, तर तेलाचा तुटवडा नसून हवा कमी पडते किंवा फवारा बिघडला आहे. तेव्हां आधीं हवेचा फिल्टर पाहावा.

तेलच कमी पडतें असें ठरलें, तर पहिली परीक्षा टांकीच्या झांकणाची. तेल उपसलें जाईल तसतशी हवा आंत यावी, म्हणून टांकीस बारीक वाट ठेविलेली असते; पुष्कळ गाड्यांत ती झांकणांतच असते. ती बुजली म्हणजे गाडी कांहीं मैल नीट चालून बंद पडते, आणि थोड्या विश्रांतीनें पुन्हा सुरू होते. अशा वेळीं झांकण उघडतांच हवा आंत शिरल्याचा फुस्स आवाज आला, तर रोग सांपडला.

दुसरी परीक्षा फिल्टरची. सपाटीवर ठीक चालणारी गाडी चढावर ओझ्यानिशीं मंदावत असेल, तर फिल्टर किंवा टांकींतील जाळी तुंबल्याचा संशय घ्यावा. फिल्टरच्या तळाचें तेल कांचेच्या बरणींत काढून घटकाभर ठेवावें. पाणी असल्यास तें खालीं बसतें. काळपट बुळबुळीत गाळ दिसला, तर टांकींतील पाण्यावर सूक्ष्म जंतू वाढले आहेत. मग नुसता फिल्टर बदलून भागत नाहीं, टांकीच धुवावी लागते.

तिसरी परीक्षा हवेची, आणि फसगत होते ती येथेंच. सकाळीं फार वेळ स्टार्टर मारावा लागतो, मग दिवसभर गाडी तक्रार करीत नाहीं, हें हवा शिरल्याचें ठळक लक्षण होय. रात्रीं एखाद्या फटींतून हवा शिरते व नळींतील तेल टांकीकडे परत जातें. टांकी आणि फीड पंप ह्यांमधील नळींत ओढ असते. त्यामुळें फटींतून तेल बाहेर येण्याऐवजीं हवा आंत जाते. बाहेरून नळी कोरडी ठणठणीत दिसते, आणि “गळती नाहीं” असा निर्वाळा मिळतो! ह्यास्तव फिल्टरच्या पुढें पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता बसवून बुडबुडे दिसतात का, तें पाहावें. दोष बहुधा चिरलेली रबरी नळी, जुना तांब्याचा वायसर किंवा फिल्टरची रबरी रिंग ह्यांचा निघतो. गंधक कमी केलेलें डिझेल १९९३ सालीं अमेरिकेंत आलें, तेव्हां कित्येक जुन्या गाड्यांचे सील आक्रसून तेल गळूं लागलें होतें. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून डिझेलांत गंधक दर दहा लक्ष भागांत फार तर दहा भाग असतें. म्हणून वयस्क गाडीच्या रबरी वस्तू एकदां सर्वच बदलून घेणें शहाणपणाचें.

एवढ्यानेंही उलगडा न झाल्यास स्वच्छ डिझेलचा डबा पंपाहून उंच ठेवून त्यांतील नळी फीड पंपास जोडावी. गाडी आतां उत्तम चालली, तर दोष मागें टांकीकडे आहे. न चालल्यास फीड पंप हातानें मारून फिल्टरवरील स्क्रूतून तेलाची धार जोरानें येते का, तें पाहावें. धार भरघोस व बुडबुड्यांवांचून असेल, तरच नोझल आणि मुख्य पंप ह्यांवर संशय घ्यावा.

येथून पुढें मात्र मिस्त्र्याचें काम. चालत्या इंजिनावर एकेका नोझलची नळी सैल करून पाहण्याची त्यांची रीत आहे. ज्या नळीनें आवाजांत फरक पडत नाहीं, तो सिलिंडर आजारी. परंतु त्या नळ्यांत शंभराहून अधिक वातावरणांचा दाब असतो. त्या धारेनें तेल कातडीखालीं शिरतें. जखम सुई टोंचल्याएवढी दिसते, आरंभीं दुखतही नाहीं. पण हात गमावण्याची पाळी येऊं शकते. असें घडल्यास घरगुती उपाय न करतां तडक इस्पितळांत जावें, व डिझेल कातडीखालीं गेलें आहे असें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें. घरांतील उत्साही मुलांस ही गोष्ट आधीं सांगावी, पाना मागाहून हातीं द्यावा.

एका वेळीं एकच वस्तू बदलावी व ती वहींत टिपावी. चार वस्तू एकदम बदलल्या, तर गाडी सुधारते पण ज्ञान वाढत नाहीं. हें सर्व मिस्त्र्याशीं वाद घालण्याकरितां नव्हे. “सकाळीं धूर नव्हता, फिल्टरांत पाणी नव्हतें, डब्यावर गाडी नीट चालली,” एवढें सांगणारें गिऱ्हाईक त्यालाही हवेंच असतें, आणि अशा गिऱ्हाइकाचा पंप तो विनाकारण उतरवीत नाहीं.