सल्ला थांबवा, आधी ऐका

वसईतील आपल्या घरांतून सायंकाळची जपमाळ संपली की मुले वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घेत आणि मग ओटीवर दिवसभराच्या गोष्टी निघत. आज विरार लोकलने दमून आलेला माणूस घरी पोहोचतो तो मुले मोबाइलमध्ये गढलेली असतात. तरी सारा दोष मोबाइलवर ढकलणे आम्हांस मान्य नाही. तो नव्हता तेव्हाही कित्येक घरांत बोलणारा एकच असे!

कुटुंबाविषयी २०१४ व २०१५ साली झालेल्या बिशपांच्या दोन सिनडांनंतर दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१६ मध्ये ‘आमोरिस लेतित्सिया’ हे प्रबोधनपत्र प्रसिद्ध केले. त्याच्या चौथ्या अध्यायात ते सांगतात की, जोडीदाराला पुष्कळदा अडचणीवर तोडगा नको असतो. आपले कोणी ऐकून घेतले, एवढेच हवे असते. आम्हां पुरुषांना हे विशेष जड जाते. पत्नीचे वाक्य पुरे होण्याआधीच आमचा सल्ला तयार असतो. दहावीतला मुलगा गणिताचे गुण चाचरत सांगू लागला की तेच. पुढच्या वेळी तो सांगतच नाही आणि घरात सारे ठीक आहे, असे आम्ही समजून चालतो.

जपमाळेनंतरची दहा मिनिटे घरातील धाकट्यांना बोलू द्यावे. मध्ये कोणी बोलू नये, वडिलांनी तर नाहीच.